पवित्र गुरुवारचा रिकामा हंडा

१

हंडा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता, तर घासूनपुसून लख्ख करून, शेगडीच्या खालच्या फळीवर आपल्या नेहमीच्या जागी पालथा घातलेला होता.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार, सकाळचे साडेआठ. न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात मिस यूजिनी द्युपार्टची खाणावळ आहे. तिथे हिरवा गंबो, म्हणजे पालेभाज्यांचा दाट रस्सा, वर्षातून या एकाच दिवशी मिळतो. नऊ नाहीतर अकरा तऱ्हेचे पाले, धुरावलेलं मांस आणि सॉसेज असं सगळं बुधवारी दिवसभर रटरटत शिजतं, रात्रभर निवतं आणि गुरुवारी अकराला दार उघडलं की चारच्या आत संपतं. शंभर माणसांचं जेवण. काल संध्याकाळी ते त्या हंड्यात होतं आणि आज नव्हतं.

मी आयडा मेटोयर. एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला शहरातल्या साध्या खाणावळींवर लिहिते. जिथे मेजावर कागद अंथरतात आणि तिखट सॉसची बाटली मागावी लागत नाही, अशा जागा माझ्या. या फिरतीत बहुतेक वेळा नुमा फोरिया माझ्याबरोबर असतात. ते एकतीस वर्षं आरोग्य खात्यात स्वयंपाकघरं तपासत होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शहरातल्या प्रत्येक खाणावळीचं मागचं दार आपल्याला ठाऊक आहे, पुढच्या दारानं मात्र आपण कधी आत गेलोच नाही. तेव्हापासून ते माझ्यासमोर बसून जेवतात आणि मी काय लिहायला हवं ते मला सांगतात. मी ते बहुधा लिहीत नाही.

त्या दिवशी गंबोवरचा शेवटचा हात पाहायचा म्हणून आम्ही लवकर आलो होतो. पाहतो तर मिस यूजिनींची मुलगी ओडेट स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. नदीपलीकडून पाव आणि बटाट्याच्या सॅलडची घमेली घेऊन ती आठला आली होती. तेव्हापासून तिनं शीतकपाट, कोठी, अगदी वरच्या मजल्यावरची आईची न्हाणीसुद्धा धुंडाळली होती.

भिंतीवर पाटी होती. त्या दिवसाचं काम मिस यूजिनी त्यावर खडूनं लिहून ठेवतात. आज त्यावर एवढंच होतं: ‘गंबो चाखला. उत्तम. कुणी हात लावू नये. सहा वाजता चर्चला जाते. यू.’

म्हणजे सहाला गंबो होता.

“कुणी केलं ते मला कळलंय,” ओडेट हळू आवाजात म्हणाली. तिची नजर मागच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसलेल्या माणसावर होती. त्या माणसानं मान वर केली नाही.

२

तो आल्सिड लाव्हीन. बावीस वर्षं या शेगडीपाशी उभा असलेला, मोजकं बोलणारा, पन्नाशीचा माणूस. मिस यूजिनींनीच त्याला हाताला धरून शिकवलेलं. नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलनं त्याला मुख्य आचारी म्हणून बोलावलं आहे, ही बातमी महिनाभर वॉर्डात फिरत होती.

ओडेटचं म्हणणं सरळ होतं. आल्सिडला जायचं आहे. जाताना इथलं नाव खाली पडलं तर हॉटेलात त्याचाच गंबो शहरातला पहिला ठरेल. आल्सिडला विचारलं तर त्यानं सांगितलं की तो साडेसहाला आला तेव्हा हंडा असाच पालथा होता. आणखी काही विचारलं की तेच वाक्य पुन्हा. नुमा त्याच्या बाह्यांकडे पाहत होते. त्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

“मग साडेसहापासून आठपर्यंत गप्प का बसलास?” ओडेटनं विचारलं. “मला फोन करता आला नाही?”

“वाटलं, मिस यूजिनींनीच कुठे हलवला असेल.”

“चाळीस लिटर? बहात्तर वर्षांच्या बाईनं?”

यावर आल्सिडनं एक कोळंबी सोलली.

एवढ्यात मिस यूजिनी चर्चहून परतल्या. डोक्यावर जांभळी टोपी, हातात जपमाळ. ओडेटनं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता छप्पर उडणार. याच बाईंनी एकदा पाव शिळा निघाला म्हणून पाववाल्याला तीन गल्ल्या ऐकू जाईल असं सुनावलं होतं. पण त्या शेगडीजवळच्या स्टुलावर बसल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ त्या पालथ्या हंड्याकडे पाहत राहिल्या.

“असो,” त्या म्हणाल्या. “दारावर पाटी लावा. यंदा नाही.”

“ममा, नाही म्हणजे? कुणी केलं ते नको शोधायला?”

“नको.”

ओडेट ऐकणारी नव्हती. आई वयामुळे खचली असं तिनं धरलं आणि ती आणखीच पेटली. आल्सिडनं दुपारच्या आत आपल्या सुऱ्या उचलाव्यात, असं तिनं त्याला सांगून टाकलं. तो हो म्हणाला. इतक्या सहज की ओडेटही क्षणभर गांगरली.

या सगळ्या बोलाचालीत शेगडीवर परतायला टाकलेल्या कांद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. करपल्याचा वास मला दारापाशी आला तेव्हा मी धावत जाऊन तवा उतरवला. कांदा काळा कोळसा झाला होता. तवा मिस यूजिनींच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. मी तो उचलला तेव्हा त्या दचकल्या आणि म्हणाल्या, “काय झालं गं?”

धक्का बसला आहे बिचाऱ्यांना, असं मला वाटलं. नुमांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. ते मागच्या अंगणात निघून गेले होते आणि तिथून कुणाशी तरी बोलल्याचा आवाज येत होता.

३

अंगणात सिप्रियन होता. हा म्हातारा घरामागच्या वाफ्यातला भाजीपाला आणि नदीच्या बांधावर उगवणारा तिखट वासाचा रानहळीव छकड्यावर घालून फिरतो. हिरव्या गंबोत इतर काही कमीजास्त चालेल, पण रानहळिवाशिवाय तो गंबोच नव्हे, असं जुनी माणसं मानतात. चाळीस वर्षं मिस यूजिनींना हा पाला सिप्रियनकडूनच जात होता. या वर्षी मात्र गेला नव्हता.

“काय खोड काढावी माणसानं?” तो नुमांना सांगत होता. “मंगळवारी जुडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, याला वासच नाही, शिळा आहे. अहो, पहाटे कापलेला. दव होतं त्याच्यावर. माझ्या छकड्याशेजारून जाणाराला शिंक येत होती. आणि ही म्हणते वास नाही. मी परत नेला. आज सकाळी म्हटलं, जाऊ दे, म्हातारी आहे, पुन्हा विचारून बघू. सातला येऊन दार ठोठावलं. कुणी उघडेना.”

“आत कुणी नव्हतं?”

“नव्हतं कसं? नळ धो धो चालू होता. घासण्याचा आवाज येत होता. आणि कॉफीचा वास म्हणाल तर अंगणभर. मला वाटलं, मजेत कॉफी पितायत आणि मला मुद्दाम उभं ठेवलंय. फिरलो माघारी.”

राग त्यालाही होता. मागचं दार मिस यूजिनी कधी लावत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. सहा ते साडेसहा स्वयंपाकघर मोकळं होतं. मी हे नुमांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते.

“आयडा, आत कॉफी झालीय का?”

मी पाहून आले. कॉफीचं मोठं भांडं कोरडं होतं. ती दहाला करतात, गिऱ्हाइकं यायच्या बेताला.

“मग वास कसला?”

अंगणाच्या कोपऱ्यात कचऱ्याची दोन पिंपं होती. नुमांनी पहिल्याचं झाकण उघडलं. वर कॉफीची पूड पसरलेली होती, चिकोरीची, काळीभोर आणि कोरडी. ओला चोथा नव्हे, न वापरलेली पूड. तळाशी हात घालून त्यांनी डबा वर काढला. पाच पौंडांचा डबा, आदल्याच दिवशी फोडलेला, पार रिकामा.

“एकतीस वर्षांत ही युक्ती मी किती ठिकाणी पाहिली असेल,” ते म्हणाले. “चांगली कॉफी कचऱ्यात कुणी का ओततं, सांग बरं.”

त्यांनी खाली वाकून, एकात एक घातलेल्या काळ्या पिशव्यांपैकी एकीची गाठ सोडली आणि मला जवळ बोलावलं.

४

गंबो आंबला होता. तोंड मागे घ्यावं असा आंबूस वास, आणि वर बारीक फेस.

मोठ्या हंड्यातला गरम गंबो झाकून ठेवला की आत वाफ कोंडते, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि सकाळपर्यंत सगळं नासतं. आमच्याकडे हे पोरासोरांनाही माहीत असतं. म्हणून हंड्यावर फडकं टाकतात, झाकण कधीच नाही.

“तेव्हा चोरी नाही,” मी म्हटलं. “नासलं म्हणून कुणीतरी टाकून दिलं.”

“कुणीतरी नाही. सिप्रियननं ठोठावलं तेव्हा आत नळाशी एकच माणूस असू शकत होता. शत्रुत्व असतं तर त्यानं हंडा आडवा करून ठेवला असता. घासून जागेवर पालथा ठेवतो तो ते घर आपलं मानणारा. ते सोड. आल्सिडनं ओतलं हे त्याच्या बाह्याच सांगतायत. प्रश्न वेगळा आहे. गंबो नासला तर आचारी काय करतो?”

“आरडाओरडा. सगळ्यांना उठवतो. नवीन चढवतो.”

“यानं वास लपवला. सगळं स्वतःवर येतंय, नोकरी जातेय, तरी तोंड उघडत नाही. कुणापासून लपवतोय तो?”

मला पाटी आठवली. गंबो चाखला. उत्तम.

नुमांनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली. ते अगदी हळू बोलत होते, खिडकी उघडी होती म्हणून. सहा वाजता जे उत्तम होतं ते अर्ध्या तासात इतकं नासत नाही, ते म्हणाले. म्हणजे चाखताना ते नासलेलंच होतं. दव असलेल्या हळिवाला वास नाही. कोपराशी कांदा जळतोय, पत्ता नाही. पन्नास वर्षं नाकाच्या भरवशावर स्वयंपाक केलेली बाई.

“नाक गेलंय त्यांचं,” मी म्हटलं.

“आणि नाकाबरोबर जीभही. जाऊन बरेच दिवस झाले असावेत. आल्सिडला माहीत आहे. त्याला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.”

आल्सिड आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळून अंगणात आला होता. आमच्या हातातला डबा पाहून तो पायरीवर बसला. त्यानं नाकारलं नाही. वर्षाहून जास्त काळ झाला, तो म्हणाला. आधी मिस यूजिनी चमचा त्याच्यापुढे धरून म्हणायच्या, ‘चाख, आल्सिड, काहीतरी शिक.’ वीस वर्षांत कधी न म्हटलेलं. तो चाखायचा, मीठ कमी असेल तर म्हणायचा, ‘तुम्ही नेहमी यात अजून चिमूटभर घालता ना?’ आणि त्या म्हणायच्या, ‘घालणारच होते.’ असं चाललं होतं. बुधवारी रात्री त्यानं स्वतः चाखून पाहिलं होतं. असा गंबो दहा वर्षांत झाला नव्हता.

“सकाळी दारातच वास आला. मग पाटी वाचली.” त्यानं सुऱ्यांच्या फडक्याची गाठ आवळली. “नासलाय असं ओरडलो असतो तर सगळ्यांनी ती पाटी वाचली असती.”

हॉटेलला त्यानं पंधरा दिवसांपूर्वीच नकार कळवला होता. आता पुन्हा विचारून बघीन, तो म्हणाला. त्यानं नुमांना एवढीच विनंती केली की आत काही सांगू नये. नुमांनी वचन दिलं.

मला संताप आला. मी म्हटलं, तुम्ही बोलणार नाही, तो बोलणार नाही, आणि बावीस वर्षांचा माणूस चोर म्हणून दाराबाहेर जाणार? मग सत्य शोधलं कशाला?

“मी सांगणार नाही म्हटलंय,” नुमा उठत म्हणाले. “त्या सांगणार नाहीत असं कुठे म्हटलंय?”

५

मिस यूजिनी अजून त्याच स्टुलावर होत्या. ओडेट दारावर लावायची पाटी लिहीत होती. नुमा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे वाजले.

“आल्सिड निघालाय,” ते म्हणाले. “सुऱ्या बांधल्यात. रस्त्यापर्यंत गेला असेल. एवढंच सांगायला आलो.”

आणखी एक शब्द ते बोलले नाहीत. मिस यूजिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या बोटांना कॉफीची पूड लागली होती. ती पाहून त्यांचा चेहरा पालटला, तो मला अजून दिसतो. तो भीतीचा नव्हता. फार दूर ओझं नेल्यावर ते कुठे ठेवायचं ते दिसावं, तसा होता.

“त्याला बोलाव,” त्या ओडेटला म्हणाल्या. “पळत जा.”

ओडेट काही विचारणार होती. मग गेली. आल्सिड कोपऱ्यावरच सापडला, बसची वाट पाहत.

तो आत आला तेव्हा मिस यूजिनी उभ्या राहिल्या होत्या.

“किती नासला होता?”

आल्सिडनं नुमांकडे पाहिलं. नुमांनी हात वर केले.

“बराच,” तो म्हणाला.

“मला वाटलंच होतं.” त्या ओडेटकडे वळल्या. “सकाळी खाली आले तर हंड्यावर झाकण. झाकण पाहिल्याबरोबर शंका आली. चाखलं. मला काही कळलं नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो ताप आला ना, तेव्हापासून मला काही कळत नाही. गरम कळतं, गार कळतं. बाकी चिखल. पन्नास वर्षांच्या सवयीवर ढकलत होते. पीठ भाजतानाचा रंग डोळ्यांना दिसतो, कांद्याचा आवाज कानाला कळतो. बाकीचं हा सांभाळत होता, आणि मला वाटत होतं याला पत्ता नाही.”

“ममा—”

“थांब. ते वाईट नाही. वाईट पुढे आहे. कुणालातरी उठवून विचारायचं होतं, बाबा, वास घेऊन सांग. ते मी केलं नाही. पाटीवर उत्तम लिहिलं आणि चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. देवा, चांगलं असू दे. शंभर माणसं जेवायची होती. पोरं, म्हातारी. देवाला विचारलं, पण नाक असलेल्या एकाही माणसाला विचारलं नाही.” त्यांनी हातातली जपमाळ ओट्यावर ठेवली. “परत आले तर हंडा रिकामा. सुटले असं वाटलं. खरंच सांगते. आणि मग तुम्ही याला चोर म्हणत होतात आणि मी इथे बसून ऐकत होते.”

मग ओडेटच्या तोंडून जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. झाकण तिनं ठेवलं होतं. काल रात्री दिव्याभोवती पंखांच्या वाळवीचा थवा उठला होता. फडक्यातून किडे आत पडतील म्हणून तिनं जाताना झाकण टाकलं, आणि घरी पोचेपर्यंत विसरली. सकाळपासून ती ज्याला घालवायला निघाली होती, त्यानं तिचीच चूक निस्तरली होती.

ती आल्सिडसमोर गेली. माफी मागायची तिला सवय नाही. तिनं त्याच्या काखेतलं सुऱ्यांचं फडकं काढून घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती. शेवटी आल्सिडनंच मदत केली.

मिस यूजिनी म्हणाल्या की तो गेला तरी चालेल. हॉटेल मोठं आहे, तिथे त्याचं नाव होईल. बावीस वर्षांत त्यांनी त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं, तेही आज म्हणून टाकलं. आल्सिडनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाले किती शिल्लक आहेत?”

६

पाच जुड्या होत्या. दाराबाहेर साडेनऊलाच रांग लागली होती. ओडेटनं बाहेर जाऊन सांगितलं की गंबो नासला, नवीन चढवतोय, दुपारचे तीन वाजतील, आणि पाले कमी आहेत. लोक घरी जातील असं तिला वाटलं होतं. गेले खरे, पण तासाभरात परतले. कुणी परसातला मोहरीचा पाला आणला, कुणी कोबीचा अर्धा गड्डा, कुणी बीटचा पाला. एक बाई कुंडीतली पार्सली मुळासकट घेऊन आली. सिप्रियनकडे मिस यूजिनी स्वतः गेल्या. काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण येताना तो छकडं ढकलत होता आणि त्या रानहळिवाची टोपली कडेवर घेऊन पुढे चालत होत्या.

मोजले तर बारा पाले झाले. सम संख्या अशुभ. यावर रांगेत वाद झाला. एकाचं म्हणणं, कांद्याची पात धरू नये. दुसरा म्हणाला, पात सोडली तर सलगमचा पाला का धरायचा, मुळाचाच तर आहे. शेवटी नुमा रस्त्यापलीकडे जाऊन कुणाच्या तरी कुंपणातून गाजराचा पाला उपटून घेऊन आले. एकतीस वर्षं नियम दाखवत फिरलेला माणूस. मी ते पाहिलं नाही असं ठरलं.

पीठ मिस यूजिनींनी भाजलं. तेवढं डोळ्यांचं काम होतं आणि त्यात त्यांच्यासारखं कुणी नाही. बाकी सगळं आल्सिडनं. मीठ घालताना तो सवयीनं म्हणाला, “तुम्ही नेहमी अजून चिमूटभर—” आणि थांबला. “घाल,” त्या म्हणाल्या, “मला का विचारतोस?” दोघं हसले. मग त्या वळून कितीतरी वेळ उगीचच तोच ओटा पुसत राहिल्या.

यातलं काय छापू आणि काय नको, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळं छाप, पण आधी मला सांगू दे.

तीनला दहा मिनिटं कमी असताना त्या ॲप्रनवरच दारात जाऊन उभ्या राहिल्या. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. गलका थांबला.

“माझं नाक गेलंय,” त्या म्हणाल्या. “जीभही गेलीय. वर्ष होऊन गेलं, तुम्हाला सांगितलं नाही. आजचा गंबो आल्सिडनं चाखलाय. वाईट लागला तर त्याला सांगा. चांगला लागला तर मला.”

रांगेत पुढून तिसरी, काठीवर रेललेली एक म्हातारी म्हणाली, “आधी वाढ तर, यूजिनी. सकाळपासून उभी आहे मी.”

मिस यूजिनी बाजूला सरल्या आणि आल्सिडनं पहिली वाटी भरली.